तीन दगडांवर पाय : चित्र, गाणं आणि लिखाण

अर्धवट_कॅनव्हास

मंडळी, हा चर्चेचा धागा काढू की नको, असं बरेच दिवस चाललं होतं. आज काढतेच.

मी चित्रं काढते, गाणं शिकते आणि लिहिते. पोटापाण्याची नोकरी वेगळी आहे, तिच्याबद्दल तक्रार नाही. तिन्ही गोष्टी शाळेत असल्यापासून चालू आहेत आणि तिन्हींत मी 'बरी' आहे. हे 'बरी' असणं कुठे खुपतं ते ज्याचं त्यालाच कळतं. लोक कौतुकाने म्हणतात, "हिला सगळं येतं." मला मात्र पक्कं ठाऊक आहे की तिन्हींत ठरावीक पायरीपर्यंत जाऊन मी तिथेच घुटमळते.

मागच्या महिन्यातली गोष्ट. ईझलवर एक तैलचित्र दोन महिने अडून पडलं होतं. खिडकीतून येणारा उजेड आणि खुर्चीच्या पाठीवर टाकलेली ओढणी, एवढाच विषय. ओढणीच्या घड्या जमल्यात, खुर्ची हवेत तरंगतेय. शेजारी तानपुरा. त्याच्या खोळीवर पांढऱ्या रंगातला माझा अंगठा स्वच्छ उमटलेला. म्हणजे चित्र चालू असताना मी उठून तानपुऱ्याकडे गेले आणि हात पुसायचेही भान नव्हते. टेबलावर कथेचा सातवा खर्डा, त्याच्या शेवटच्या पानाच्या पाठीवर एका बंदिशीचं नोटेशन. एखाद्याला हे दृश्य फार काव्यात्म वाटेल. मला त्या दिवशी रडू आलं. तिन्ही कामं एकमेकांच्या वाटेत आडवी पडली होती, आणि एकही पुरं नव्हतं.

त्याच आठवड्यात जुन्या एका शिक्षकांना भेटले. त्यांनी स्केचबुक चाळलं, थोडं गाणं ऐकलं आणि म्हणाले, "एक ना धड, भाराभर चिंध्या." रागावून नाही, अगदी सहज. म्हणूनच जास्त लागलं.

तर प्रश्न सरळ आहे. दोन सोडून एक धरावं का? ज्यांनी सोडलं त्यांनी सांगा, पुढे काय झालं. ज्यांनी नाही सोडलं त्यांनी सांगा, दिवस कसा लावता. "आवड असली की सवड मिळते" हे कृपया कुणी लिहू नका. ते स्वतःला सांगून सांगून मी दमले आहे.

फटकळ

आवड असली की सवड मिळते. (हलके घ्या.)

आता खरं बोलतो. सोडा. मी सतार वाजवतो. पंधरा दिवस वाद्याला हात लावला नाही की डाव्या बोटांवरचे गट्टे मऊ पडायला लागतात, मग मींड घेताना, म्हणजे तार ओढून एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना, ती पुन्हा कातडीत रुतते. तुम्ही त्या पंधरा दिवसांत दुसऱ्या कलेची कितीही सेवा केलेली असो, बोटाला त्याचं काही नसतं. हात आणि गळा यांना फक्त हजेरी कळते.

मी चित्रकला सोडली त्याला वीस वर्षं झाली. वाईट वाटतं का? वाटतं. प्रदर्शनांना जायचं टाळतो, यावरून काय ते समजा. पण सतार वाजते.

तिरपी_रेघ

फटकळराव, मान्य, पण थोडंच. रवींद्रनाथ टागोरांचं काय करणार मग? कविता, कथा, नाटकं, दोन हजारांहून जास्त गाणी, आणि एवढं सगळं करून झाल्यावर साठी उलटल्यावर हा माणूस चित्रकलेकडे वळला. तीही कशी, तर हस्तलिखितातल्या खाडाखोडीतून. खोडलेले शब्द कागदावर विखरून उघडेबोडके दिसत, ते त्यांना सहन होईना. म्हणून एक खोड दुसऱ्या खोडीला रेघेने जोडायला लागले आणि त्या जोडकामातून चोची, डोळे, कुठले कुठले प्राणी निघायला लागले. पॅरिसला पहिलं प्रदर्शन झालं १९३० साली, तेव्हा ते एकोणसत्तरीत होते. पुढे चित्रांची संख्याही दोन हजारांवर गेली.

मला यातली संख्या महत्त्वाची वाटत नाही. खोडलेला शब्द हा लेखकाच्या दृष्टीने कचरा. त्या कचऱ्याचा आकार दिसायला डोळा चित्रकाराचा लागतो, आणि तो डोळा त्यांच्याकडे ब्रश हातात येण्याआधीपासून होता. त्यांनी साठीपर्यंत चित्रकला 'केली नाही', एवढंच.

फटकळ

टागोरांचं उदाहरण आलंच पाहिजे, त्याशिवाय असला धागा पुरा होत नाही. अहो, ते टागोर होते. धागाकर्तीला नोकरीवरून घरी यायला संध्याकाळ होते.

शाईचा_डाग

फटकळ यांच्याशी सहमत, पण फक्त टागोरांपुरतं. अपवाद दाखवून नियम ठरवू नये.

नोकरी करणाऱ्यांचीच उदाहरणं हवी असतील तर आहेत की. सुधीर पटवर्धन तीसेक वर्षं रेडिऑलॉजिस्ट होते. दिवसा एक्स-रे बघायचे आणि चित्रंही करायचे. पूर्ण वेळ चित्रकार झाले ते २००५ मध्ये. वामनराव देशपांडे चार्टर्ड अकाउंटंट, आणि घराण्यांच्या गायकीवर त्यांनी जे लिहिलंय त्याच्याशी भांडायचं तरी आधी ते वाचावं लागतं. अरुण कोलटकर जाहिरातक्षेत्रातले नावाजलेले ग्राफिक डिझायनर. १९७७ मध्ये मराठी कवितांचा संग्रह आला आणि पुढचा मराठी संग्रह यायला जवळजवळ पाव शतक लागलं. त्या मधल्या काळात हा माणूस गप्प होता का? नाही. लिहीत होता, पखवाज शिकत होता. फक्त छापायची घाई नव्हती.

मला वाटतं तुमचं दुखणं तीन कलांचं नाहीच, वेळापत्रकाचं आहे. तुम्ही तिन्ही कलांना एकाच प्रकारचा वेळ देताय. "संध्याकाळी आठ ते दहा, आज चित्र, उद्या गाणं, परवा कथा" असं असेल तुमचं. बरोबर?

अर्धवट_कॅनव्हास

शाईचा_डाग, तुम्ही माझ्या भिंतीवरचा तक्ता पाहिलाय का? अगदी अस्संच आहे. रविवार 'ऐच्छिक'. ऐच्छिक म्हणजे झोप.

फटकळ, वीस वर्षं प्रदर्शनांना जात नाही हे वाचून गलबललं. याच भीतीने सोडवत नाही.

शाईचा_डाग

मग ऐका. मी लिहितो आणि जमेल तसं तैलरंगात काम करतो, गाणं फक्त ऐकतो. म्हणजे दोनच दगड. पण एक गोष्ट फार उशिरा कळली ती सांगतो.

तैलरंग पाण्यासारखा उडून जाऊन वाळत नाही. तेल हवेतला ऑक्सिजन घेतं आणि घट्ट होत जातं. त्यामुळे थर हाताला कोरडा लागायला काही दिवस जातात, जाड असेल तर आठवडेही. अंबरसारखे मातीचे रंग लवकर धरतात, टायटॅनियम व्हाइट ताटकळत ठेवतो. खालचा थर ओला असताना वर रंग चढवला की चिखल होतो, आणि कमी तेलाच्या थरावर जास्त तेलाचा थर हा क्रम मोडला तर पुढेमागे भेगा पडतात. याचा अर्थ काय? तैलचित्र तुमच्याकडून रोज वेळ मागतच नाही. ते म्हणतं, आज तीन तास सलग दे आणि मग पाच दिवस माझ्याकडे बघू नकोस.

लिखाणाचंही अर्धं तसंच. पहिला खर्डा रोज थोडा थोडा पुढे जावा लागतो, नाहीतर पात्रं आपल्याला ओळखेनाशी होतात. पण खर्डा झाला की तो कपाटात गेला पाहिजे. लगेच वाचला तर आपण कागदावरचं वाचत नाही, डोक्यातलं वाचतो.

गाणं मात्र रोज मागतं. थोडं, पण रोज. फटकळ यांची हजेरी.

म्हणजे तिघांच्या भुकेच्या वेळा वेगळ्या आहेत आणि तुम्ही तिघांना एकाच पंगतीत बसवताय. चित्र वाळतंय तेव्हा खर्डा पुढे सरकू द्या. खर्डा मुरतोय तेव्हा चित्राला सलग तीन तास द्या. गाणं रोज, उठल्या उठल्या, अर्धा तास, ते कुणाशी अदलाबदल करायचं नाही.

खर्जातला_सा

शाईदादा, हे चौकटीत लावून ठेवण्यासारखं लिहिलंत. वाचनखूण साठवली.

गाण्याच्या बाजूने एक जोड देते. अर्धा तास म्हणताना तो कोणता अर्धा तास हेही बघा. सकाळी आवाज उतरलेला, जड असतो, तेव्हा खर्जात, म्हणजे खालच्या स्वरांत, खाली खाली जाऊन एकेक स्वर लांब धरायला तीच वेळ उत्तम. संध्याकाळी दिवसभर बोलून गळा दमलेला असतो, तेव्हा मेहनतीच्या ताना मारून काही हाती लागत नाही, फक्त गळ्याला त्रास. संध्याकाळी बंदिश आठवावी, ऐकावं, हाताने ताल धरून बोल म्हणावेत. आणि रंग मिसळायला तर दिवसाचा उजेडच हवा. दिव्याखाली जुळवलेला करडा सकाळी हिरवा निघाला म्हणून रडणारे मी पाहिलेत. लिखाण बिचारं कुठल्याही उजेडात चालतं, म्हणून त्याच्याच वाट्याला नेहमी उरलासुरला वेळ येतो.

जुनी_जवारी

इथे सहसा वाचूनच जातो, पण विषय जिव्हाळ्याचा निघाला.

विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या तिसऱ्या खंडात एक संवाद आहे. वज्र राजा मार्कंडेय ऋषींकडे जातो आणि म्हणतो, मला देवाची मूर्ती कशी घडवायची ते शिकवा. ऋषी म्हणतात, चित्राचे नियम कळल्याशिवाय मूर्ती कळणार नाही. बरं मग चित्र शिकवा. त्यासाठी आधी नृत्य यायला हवं. मग नृत्य शिकवा. वाद्याशिवाय नृत्य कळायचं नाही. मग वाद्य. तर म्हणे गाण्याशिवाय वाद्य कळायचं नाही. मूर्ती घडवायला आलेला राजा गाण्यापाशी येऊन थांबतो.

हा संवाद व्यासपीठांवरून पुष्कळदा सांगतात आणि त्यातून 'सर्व कला एकच' असं गोड तात्पर्य काढतात. मला ते पटत नाही. ऋषी 'सगळं एकच आहे' असं म्हणतच नाहीत. एकच असतं तर कुठूनही सुरुवात चालली असती. त्यांचं म्हणणं असं, की एका कलेचा अडलेला प्रश्न कधीकधी दुसऱ्या कलेत सुटलेला असतो. हे फार वेगळं आहे.

माझा अनुभव. मारवा, पूरिया आणि सोहनी या तीन रागांचे स्वर तेच. कोमल रिषभ (रे), तीव्र मध्यम (म), पंचम (प) नाही. कागदावर मांडले तर तिन्ही सारखे. पण मारवा रिषभ-धैवतावर (रे-ध) रेंगाळतो आणि षड्जाला (सा) बराच वेळ टाळतो, त्यामुळे घर सापडत नसल्यासारखं वाटत राहतं. पूरिया गंधार-निषादावर (ग-नी), खालच्या अंगाने, मंद्र सप्तकात रमतो. सोहनी वर तार षड्जाकडे, म्हणजे वरच्या सा कडे, झेपावते. सामान तेच, मुक्काम वेगळे. मी पंचविशीत हे घोकून पाठ केलं होतं, पण समजलं नव्हतं. पुढे जलरंग शिकताना कळलं. तीनच रंग घेऊन चार चित्रं केली आणि कुठला रंग किती जागा अडवतो यावर चित्राचा सगळा स्वभाव पालटताना पाहिला. त्या दिवशी मारवा कळला. गाणं चाळीस वर्षं शिकतोय, पण ही एक गाठ सुटली ती ओल्या कागदावर.

जाता जाता, शेव्रल नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाची गोष्ट याच जातीची आहे. पॅरिसमधल्या गोब्लँ विणकामशाळेत रंगाईची जबाबदारी त्यांच्याकडे होती. तक्रार आली की काळा धागा फिका दिसतो. त्यांनी तपासलं, काळ्या रंगात खोट नव्हती. शेजारच्या रंगांमुळे तो तसा दिसत होता. त्यावर १८३९ मध्ये त्यांनी मोठा ग्रंथ लिहिला आणि पुढच्या चित्रकारांनी तो डोक्यावर घेतला. स्वराचंही तेच, शब्दाचंही तेच. शेजार बघावा.

फटकळ

जवारीकाका, तुमच्यापुढे बोलणं म्हणजे… पण बोलतोच. मारवा कळला हे ठीक. गळ्यातून निघाला का? कळणं आणि येणं यांत अंतर आहे, आणि त्या अंतराचंच नाव रियाझ. एका कलेतून दुसरीत समज जाते, हे मान्य. हात जात नाही. चित्रकार पाउल क्ले अकराव्या वर्षी बर्नच्या वाद्यवृंदात व्हायोलिनला बसायचा इतका तयार होता. आईवडील दोघेही संगीतातले. त्याने धंदा म्हणून चित्रकला निवडली. म्हणजे एवढ्या तयारीच्या माणसालाही एक मुख्य धरावंच लागलं.

तिरपी_रेघ

आणि व्हायोलिन? ते टाकलं का त्याने? नाही. जन्मभर वाजवत राहिला. त्याच्या चित्रांत रंगांचे चौकोन एकमेकांवरून सरकतात, त्याला तो स्वतः पॉलिफनी म्हणायचा, म्हणजे अनेक सुरावटी एकाच वेळी चालणं. तुम्ही सांगितलेलं उदाहरण आमच्या बाजूचं आहे, फटकळराव.

फटकळ

मुख्य एक होतं ना? झालं तर. बाकीचं 'अँग्रचं व्हायोलिन'.

वाचनमात्र

हे अँग्रचं व्हायोलिन काय प्रकरण आहे?

तिरपी_रेघ

अँग्र हा फ्रेंच चित्रकार, १७८० ते १८६७. तरुणपणी तुलूझच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवायचा, पुढेही हौसेने वाजवत राहिला. त्यावरून फ्रेंचमध्ये वाक्प्रचारच पडला, मुख्य कामाखेरीज मनापासून जपलेला छंद म्हणजे 'अँग्रचं व्हायोलिन'. आपल्याकडे यासाठी एक शब्द नाही. 'छंद' आहे, पण त्यात वेळ घालवण्याचा वास येतो.

वाचनमात्र

आभारी आहे. आयडी घेऊन सहा वर्षं झाली, हा पहिलाच मोठा प्रतिसाद.

मी तिन्ही सोडलं होतं. ठरवून नाही. आधी मूल लहान, मग आजारपण, मग सवय मोडली. अकरा वर्षं. लोकांना वाटतं सोडलं की मोकळं वाटत असेल. तसं काही झालं नाही. पहिल्या वर्षी हात शिवशिवायचे. फोनवर बोलताना पेन मिळालं की कागद भरायचा. मग तेही थांबलं. सगळ्यांत वाईट म्हणजे मी ऐकेनाशी झाले. गाणं लागलेलं असायचं पण सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कधी येऊन गेली ते कळायचं नाही. गाणारीचा कान गेला म्हणजे काय, ते शब्दांत सांगता येत नाही.

परत सुरुवात कशाने झाली? मुलाच्या वहीतून. त्याने एक घोडा काढला होता आणि विचारलं, "याचा मागचा पाय असा का दिसतो?" मी पेन्सिल घेतली आणि गुडघ्यासारखा दिसतो तो मागच्या पायाचा सांधा खरं म्हणजे घोड्याची टाच आहे, हे काढून दाखवलं. एवढंच. त्या रात्री तासभर पाय काढत बसले. घोड्याचे, कुत्र्याचे, स्वतःचे. गाणं परत यायला अजून दोन वर्षं लागली आणि आवाज खाली उतरलेला सापडला. पूर्वी पेटीच्या काळी चार पट्टीत गायचे, आता त्याहून खालच्या काळी दोनमध्ये.

धागाकर्तीला एवढंच सांगेन, एक मुख्य असावं की नसावं हे मला माहीत नाही. पण शून्य करू नका.

खर्जातला_सा

वाचनमात्र, तुमचा आयडी बदलायची वेळ आली. फार आतून लिहिलंत. काळी दोनमध्ये जे निघेल ते काळी चारमध्ये निघालं नसतं, हेही लक्षात असू द्या.

शाईचा_डाग

वाचनमात्र यांचा घोडा डोक्यातून जात नाहीये.

एक वेगळा मुद्दा मांडतो. आपल्याकडे ज्यांना 'सर्व कला' येत होत्या अशी जी नावं घेतली जातात, त्यांच्याकडे बहुतेक वेळा एक छप्पर होतं. गोविंदराव टेंबे हार्मोनियमवाले, चाली बांधणारे, नट, लेखक. पण त्यांच्या डोक्यावर नाटकाचं छप्पर होतं, आणि पुढे बोलपटाचं. १९३२ च्या 'अयोध्येचा राजा'त संगीतही त्यांचं आणि हरिश्चंद्रही तेच. पु. ल. देशपांड्यांच्या १९५३ च्या 'गुळाचा गणपती'ला 'सबकुछ पु. ल.' म्हणतात ते उगाच नाही. सत्यजित राय १९४३ पासून जाहिरातसंस्थेत चित्रकार, पुस्तकांची मुखपृष्ठं करायचे. सुरुवातीला रविशंकर, विलायत खाँ, अली अकबर खाँ यांच्याकडून चित्रपटांचं संगीत करून घेतलं आणि १९६१ पासून स्वतःच करायला लागले. वर कथा लिहिल्या, त्यांची चित्रंही स्वतः काढली. पण चित्रपट नावाच्या घरात या सगळ्यांना खोल्या होत्या. धागाकर्तीच्या तीन कलांना असं घर आहे का? चित्रकथा? स्वतःच्या कथांची चित्रं?

अर्धवट_कॅनव्हास

करून पाहिलंय, शाईदादा. नाही जमलं, आणि का नाही जमलं ते मला माहीत आहे. माझ्या कथेला मी चित्र काढलं की चित्र कथेचं चाकर होतं. कथेत लिहिलेली खुर्ची काढायची म्हटलं की मी खुर्ची बघतच नाही, वाक्य बघते. इंग्रज कवी-चित्रकार ब्लेकसारखा माणूस एकाच तांब्याच्या पत्र्यावर कविता आणि चित्र दोन्ही उमटवायचा, अक्षरं उलटी लिहून, म्हणजे छापल्यावर सुलटी यावीत. त्याला दोन्ही एका हाताने सुचत असणार. मला नाही सुचत. माझी तीन घरं वेगळी आहेत, शेजारी आहेत, भिंत पातळ आहे. एवढंच.

हे लिहिता लिहिता बरं वाटलं. छप्पर नाही म्हणजे काहीतरी चुकतंय असं मला वाटत होतं.

फटकळ

शेजारी असतील तर आवाज पलीकडे जातोच की. तेवढं पुरे.

(मी विरोधात बोलतोय असं समजू नका.)

तिरपी_रेघ

फटकळराव नरमले. स्क्रीनशॉट घेऊन ठेवा कुणीतरी.

धागाकर्तीसाठी एक खेळ. गाणाऱ्यांचा मेरुखंड माहीत असेलच, चार स्वर घेतले तर त्यांच्या चोवीस उलटापालटी होतात. (सातांच्या ५०४०, त्याच्या वाटेला जाऊ नका.) मी हे चित्राला लावलं. चार छटा घ्यायच्या: कागदाचा पांढरा, फिका करडा, गडद करडा, काळा. विषय एकच. चित्राचे चार भाग ठरवायचे. तुमच्या चित्रात खिडकी, भिंत, खुर्ची, ओढणी. कुठल्या भागाला कुठली छटा, याच्या चोवीस शक्यता. काडेपेटीएवढ्या चोवीस चौकटी आखायच्या आणि यंत्रासारख्या भरत जायच्या, आवडनिवड न लावता. पहिल्या सात-आठ आपल्याला सुचल्याच असत्या. मजा पुढे येते. खिडकी काळी आणि ओढणी पांढरी असं आपण आपणहून कधी केलंच नसतं.

अर्धवट_कॅनव्हास

तीन आठवड्यांनी येतेय, माफ करा.

आधी कबुली. तक्ता फाडला नाही, उलटा करून परत लावला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर शाईदादांचं वेळापत्रक लिहिलं. गाणं रोज सकाळी, खर्ज, पंचवीस मिनिटं. एकवीसपैकी सतरा दिवस झालं. चार दिवस नाही झालं, त्यातल्या दोन दिवसांना कारणही नाही. कथा कपाटात. शनिवारी सकाळी तीन तास चित्र, फोन दुसऱ्या खोलीत.

तिरपी_रेघ, चोवीस चौकटी केल्या. नवव्यापर्यंत वैताग आला होता. सतराव्या चौकटीत खुर्ची आणि भिंत यांना शेजारशेजारच्या छटा पडल्या, फिका करडा आणि गडद करडा, ओढणी पांढरी आणि खिडकी काळी. बाहेर रात्र, आणि उजेड मागून येतोय, जिथून चित्र बघणारा उभा आहे तिथून. खुर्ची एकदम जमिनीवर बसली. मी दोन महिने तिचे पाय सुधारत होते. पायांत काही चूक नव्हती. तिच्या पाठीमागचा उजेड चूक होता. जवारीकाकांचा शेजार.

दुसरं असं, की खुर्चीचं निस्तरल्यावर कथेकडे न बघता कथेतली अडचण लक्षात आली. सातही खर्ड्यांत मी आईचं पात्र सुधारत बसले होते. ते पात्र ठीकच आहे. पण तिच्या समोर जी शेजारीण बसते तीही तितकीच शांत, तितकीच समंजस लिहिली गेलीय. दोन करडे शेजारशेजारी. शेजारणीला जरा भांडकुदळ करून बघायला हवं. पण कपाट अजून दहा दिवस उघडायचं नाही असं ठरलंय, म्हणून ते एका चिठ्ठीवर लिहून कपाटाच्या दाराला चिकटवलंय.

फटकळ यांचं म्हणणं खरं आहे, हात जात नाही. तान अजून तिथेच आहे जिथे होती. खर्जात मात्र परवा मंद्र पंचमाच्या खाली मध्यम लागला, क्षणभर, आणि तानपुऱ्याच्या आवाजात मिसळून गेला. पुन्हा शोधायला गेले तर नाही सापडला.

फटकळ

सापडेल. रोज त्याच वेळी बसा.

अवांतर: गेल्या रविवारी एका प्रदर्शनाला गेलो होतो. अर्धा तास थांबलो.

वाचनमात्र

कुणाचं होतं?

फटकळ

नाव नाही पाहिलं. जलरंग होते. एका चित्रात ओल्या रस्त्यावर दिव्याचं प्रतिबिंब होतं, ते कसं केलंय ते बघत होतो. कागद कोरा सोडला होता तेवढा.

जुनी_जवारी

कोरा सोडणंच अवघड. ब्रश विकत घेतलात का?

फटकळ

काका, हळू. अजून गट्टे मऊ पडायचेत.

अर्धवट_कॅनव्हास

खोळीवरचा अंगठ्याचा ठसा टर्पेंटाइनने काढायचा प्रयत्न केला. रंग थोडा निघाला, कापडाचाही निघाला. आता तो आणखी मोठा दिसतो. कुणाला दुसरा उपाय माहीत असेल तर सांगा, नाहीतर राहू दे.